कशावरून?

कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. करते आहे असं सांगितलं की समोरचा माणूस बहुतेक वेळा विचारतो, "म्हणजे काय बनवतेस?" प्रश्न रास्त आहे. या विषयाची ओळखच मुळी बनवलेल्या वस्तूंमधून होते. ॲप, वेबसाइट, रोबो, आता तर बोलणारी मॉडेलं. पण वस्तू बनवायला डॉक्टरेट लागत नाही, हे या विषयाचा इतिहासच सांगतो. क्विकसॉर्ट ही यादीची क्रमवारी लावण्याची पद्धत शोधणाऱ्या टोनी होअर यांनी पीएच.डी. केली नव्हती. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया घालणाऱ्या केन थॉम्पसन यांनीही नाही. त्यांचे सहकारी डेनिस रिची यांनी १९६८ साली हार्वर्डमध्ये प्रबंध लिहून पुरा केला, पण त्याची बांधीव प्रत ग्रंथालयात जमा केली नाही आणि पदवी राहूनच गेली. पुढे त्यांनी सी ही प्रोग्रामिंगची भाषा घडवली. पदवीवाचून त्यांचं काही अडलं नाही.

तेव्हा नुसतं काहीतरी चालतं करून दाखवायचं असेल तर ही वाट धरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यासाठी याहून जवळच्या आणि चांगल्या वाटा आहेत. आपण केलेली गोष्ट चालते, हे तर डोळ्यांना दिसतंच. ती का चालते, कुठे अडखळते, आधी होतं त्यापेक्षा खरोखर बरी आहे का, आणि हे सगळं आपल्याला न ओळखणाऱ्या माणसाला पटेल असं कसं मांडायचं, हे शिकायला वर्षं जातात. मला ती वर्षं द्यावीशी वाटली.

माझं काम शोधावर आहे. कोणीतरी एक प्रश्न टाकतं, समोर लाखो लेख असतात, त्यांतले कोणते वर यायला हवेत? हा प्रश्न कॉम्प्युटरच्याही आधीचा आहे. ग्रंथपालांनी तो आमच्या कितीतरी आधी हातात घेतला होता. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं सांगतं, वाचकाचा वेळ वाचवा. कॉम्प्युटिंग आणि माहितीशास्त्र ही दोन नावं अनेक विद्यापीठांत एकाच विभागाच्या पाटीवर असतात, आणि मला हा शेजार मनापासून आवडतो. यंत्राने किती वेगाने उत्तर दिलं याचा हिशोब ठेवणारे लोक आणि ते उत्तर वाचणाऱ्या माणसाचं काय झालं हे विचारणारे लोक एकाच मजल्यावर बसतात. दोघांचं एकमेकांवाचून चालत नाही, हे मला तिथेच कळलं.

वाचकाचा वेळ वाचला की नाही हे मोजायचं कसं, याची रीतही एका ग्रंथपालानेच घालून दिली. इंग्लंडमध्ये क्रॅनफिल्डच्या वैमानिकी महाविद्यालयात सिरिल क्लेव्हरडन ग्रंथपाल होते. लेखांची सूची कशी करावी यावर त्या काळी तज्ज्ञांमध्ये तट पडलेले होते. प्रत्येकाला आपली पद्धत श्रेष्ठ वाटायची, आणि वाद बहुतांशी ज्याच्या त्याच्या अनुभवाच्या जोरावर चालायचे. क्लेव्हरडन यांनी १९६० च्या दशकातल्या त्यांच्या दुसऱ्या प्रयोगात १,४०० लेख घेतले, प्रत्यक्ष संशोधन करणाऱ्यांकडून प्रश्न मागवले, कोणता लेख कोणत्या प्रश्नाला लागू पडतो हे आधी ठरवून घेतलं आणि मग सगळ्या पद्धती त्याच एका मोजपट्टीने मोजल्या. निकाल असा लागला की काळजीपूर्वक रचलेल्या पारिभाषिक सूचींपेक्षा लेखातलेच साधे, सुटे शब्द सरस ठरले. तो तज्ज्ञांना मानवला नाही. स्वतः क्लेव्हरडन यांनाही तो सर्वांत चकित करणारा वाटला, आणि तसं त्यांनी अहवालात लिहून ठेवलं.

हे मी पहिल्या वर्षी वाचलं. तोवर संशोधन म्हणजे आपली कल्पना सिद्ध करणं, अशी माझी ढोबळ समजूत होती. इथे एक माणूस स्वतःला न पटणारा निकाल लिहून ठेवत होता, कारण मोजणी तसं म्हणत होती. त्या जुन्या, टंकलिखित अहवालाची पानं चाळताना मला पहिल्यांदा वाटलं की हे काम आपलं आहे.

आमच्या मॅडमशी, म्हणजे माझ्या गाइडशी, आठवड्यातून एकदा बैठक असते. आलेख पडद्यावर टाकायचा आणि काय दिसतं ते सांगायचं. मॅडम ऐकून घेतात, मान हलवतात आणि विचारतात, "कशावरून?" आवाजात अविश्वास नसतो. खरंच ऐकायचं असतं त्यांना. नवी पद्धत चांगली चालते म्हणतेस, कशावरून? ती लहान प्रश्नांवर कमी पडते म्हणतेस, कशावरून? हा फरक योगायोगाने आलेला नाही, कशावरून? सुरुवातीला या एका शब्दाने बैठकीआधीची माझी झोप उडायची. पुढे पुढे मी तो स्वतःच आलेख काढण्याआधी विचारायला लागले, आणि मग मॅडम त्याच्या पुढचं काहीतरी विचारायला लागल्या.

त्यांचा एक नियम आमच्या सगळ्या गटाला पाठ आहे. स्वतःच्या पद्धतीवर जितका वेळ घालवाल, तितकाच जिच्याशी तुलना करणार त्या जुन्या पद्धतीवरही घालवायचा. आमच्या क्षेत्रात ही जुनी पद्धत म्हणजे बहुधा बीएम२५ नावाचं, प्रश्नातल्या शब्दांवरून लेखांना गुण देणारं सूत्र. स्टीफन रॉबर्टसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत ओकापी या शोधप्रणालीवर काम करताना १९९० च्या दशकात ते घडवलं. त्यात दोन आकडे जुळवावे लागतात. एखादा शब्द लेखात पुन्हा पुन्हा आला तर त्याचं वजन कुठवर वाढू द्यायचं हे एक ठरवतो, आणि लांब लेखांना किती मागे ओढायचं हे दुसरा. बहुतेक लोक हे आकडे प्रथेप्रमाणे ठेवतात आणि स्वतःच्या पद्धतीचे मात्र रात्र रात्र जागून जुळवतात. मग आपली पद्धत पुढे दिसते, यात नवल काय?

हे किती खोलवर गेलेलं आहे याचा पुरावा २००९ साली पुढे आला. ॲलिस्टेअर मोफॅट, जस्टिन झोबेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९९८ ते २००८ या काळात आमच्या क्षेत्रातल्या प्रमुख परिषदांमध्ये छापून आलेले निकाल एकत्र मांडले. जवळपास प्रत्येक शोधनिबंधात सुधारणा झाल्याचा दावा होता. पण परीक्षेसाठी वापरलेल्या लेखांच्या एकाच संग्रहावरचे वर्षावर्षांचे आकडे शेजारी ठेवले तेव्हा दशकभरात एकूण प्रगती झाल्याचं दिसेना. तुलनेसाठी घेतलेल्या पद्धती कमकुवत होत्या, त्यामुळे प्रत्येकजण खालच्याच पायरीवरून चढत होता. त्या लेखकांविषयी मला फार आदर आहे. आपल्याच क्षेत्राचा ताळेबंद मांडणं हे कोणाच्याही बढतीला मदत करणारं काम नाही, आणि तरी ते कोणीतरी करावंच लागतं.

मॅडमच्या नियमाप्रमाणे मीही जुन्या सूत्रावर महिने घालवले. जसजसे त्याचे आकडे बसत गेले तसतसं माझ्या पद्धतीतलं आणि त्यातलं अंतर आटत गेलं. पण ते पूर्ण मिटलं नाही. लहान प्रश्नांवर दोन्ही सारख्या ठरल्या. प्रश्न लांब, चार-पाच वाक्यांचा असला की माझी पद्धत थोडी, पण नेमाने पुढे राहिली. मॅडम तो आलेख बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "हा तुझा प्रबंध." एवढाच उरलेला, चिमुकला फरक. तो का उरला हे शोधण्यात माझी पुढची सगळी वर्षं गेली आहेत, आणि त्या वर्षांचा मला कंटाळा आलेला नाही.

ज्या बाईंच्या कामाचा मला सर्वांत जास्त आधार वाटतो त्या कॅरेन स्पार्क जोन्स. केंब्रिजमध्ये इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकून त्या या क्षेत्रात आल्या. समानार्थी शब्दांचे गट यंत्राला कसे ओळखता येतील यावर त्यांनी १९६४ साली प्रबंध लिहिला. तो पुस्तकरूपाने आला १९८६ मध्ये. बावीस वर्षांनी तो छापावासा वाटला, कारण तोवर बाकीचं क्षेत्र त्या प्रश्नापाशी येऊन पोचलं होतं. आणि १९७२ साली त्यांनी एक साधी कल्पना मांडली. एखादा शब्द जितक्या जास्त लेखांत आढळतो तितका तो शोधायला कमी उपयोगी. हृदयरोगांवरच्या लेखांच्या संग्रहात 'हृदय' हा शब्द टाकून काही हाती लागत नाही. दुर्मीळ शब्दच वाट दाखवतो. म्हणून शब्दाचं वजन त्याच्या दुर्मीळपणावरून ठरवावं. ऐकल्यावर वाटतं, हे तर कोणालाही सुचलं असतं. पण त्यांनी ते वेगवेगळ्या संग्रहांवर तपासून दाखवलं, आणि त्यानंतरची शोधयंत्रं त्या कल्पनेवर उभी राहिली. बीएम२५ च्या पोटातही तीच आहे. एवढं काम नावावर असूनही केंब्रिजमध्ये त्यांची बहुतेक कारकीर्द मुदतीच्या करारांवर गेली. प्राध्यापकपद मिळालं ते १९९९ साली. हे वाचलं की मला राग येतो, आणि तो येऊ द्यावा असंच मला वाटतं.

याच संदर्भात आणखी एक नाव. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सची डॉक्टरेट पहिल्यांदा दिली गेली ती ७ जून १९६५ रोजी, एकाच दिवशी दोन विद्यापीठांत दोघांना. त्यातल्या एक होत्या मेरी केनेथ केलर, एक ख्रिस्ती जोगीण. विस्कॉन्सिन विद्यापीठात पदवी घेतली तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. मोजक्या उदाहरणांवरून यंत्राला नियम कसा काढता येईल, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. आजच्या मॉडेलांच्या मागेही हाच प्रश्न उभा आहे. वयाचा धसका घेऊन अर्ज न भरणाऱ्या मैत्रिणींना मी त्यांची गोष्ट आवर्जून सांगते.

आता कामाच्या सर्वांत कष्टाच्या भागाकडे येते. शोधाची परीक्षा घ्यायची तर कोणता लेख कोणत्या प्रश्नाला लागू आहे, हे कोणीतरी माणसाने वाचून ठरवावं लागतं. क्रॅनफिल्डच्या १,४०० लेखांच्या बाबतीत ते निभावलं. लाखो लेखांचं काय करणार? अमेरिकेच्या मानक संस्थेने १९९२ साली शोधप्रणालींची तुलना करणारा 'ट्रेक' नावाचा उपक्रम सुरू केला आणि त्यात एक तोडगा वापरात आला. भाग घेणाऱ्या सगळ्या प्रणालींनी वर आणलेले लेख एकत्र करायचे, तेवढेच वाचायचे, उरलेले लागू नाहीत असं धरायचं. हे धरून चालणं धोक्याचं आहे. ज्या लेखापर्यंत कुठलीच प्रणाली पोचली नाही, तो कोणी वाचलेलाच नसतो. नव्या पद्धतीने तो वर आणला तर तिचे गुण कापले जातात. माझ्या प्रबंधातलं एक अख्खं प्रकरण याच कापल्या गेलेल्या गुणांवर आहे.

माझ्या संग्रहासाठी आम्ही दोघं बसायचो, मी आणि गटातला एक सहकारी. प्रत्येक लेख दोघांनी स्वतंत्रपणे वाचायचा, निर्णय लिहायचा, मग ताडून पाहायचा. पहिल्याच दिवशी आमचं जुळेना.

"हा तू लागू धरलास?" त्याने विचारलं.

"हो. का?"

"यात उत्तर नाहीये. शीर्षक तेवढं जुळतं."

"उत्तर नाही, पण उत्तराकडे नेणारा संदर्भ आहे. मला प्रश्न पडला असता तर मी इथूनच पुढे गेले असते."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे तू शोधणारी आहेस आणि मी तपासनीस. आपण दोघं वेगळ्या माणसांच्या वतीने वाचतोय."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. मग आम्ही लागू म्हणजे काय याची व्याख्या लिहून काढली, ती कितीदा तरी बदलली, आणि योगायोगाने जुळलेले निर्णय वजा जाता किती एकमत उरतं ते दर खेपेला मोजलं. एकमत वाढलं, पूर्ण कधीच झालं नाही. नंतर एलेन व्होऱ्हीस यांचं १९९० च्या दशकाच्या अखेरीचं संशोधन वाचून मन शांत झालं. त्यांनी दाखवलं होतं की परीक्षकांचे निर्णय लेखागणिक खूप वेगळे पडले, तरी कोणती प्रणाली पुढे आणि कोणती मागे हा क्रम सहसा बदलत नाही. एका लेखाबद्दल माणसांचं जुळत नाही, पण पुष्कळ प्रश्नांवर मिळून जो कौल निघतो तो टिकतो. माणसांच्या मतभेदातूनही विश्वास ठेवण्याजोगं काही काढता येतं, ही गोष्ट मला या पदवीने दिली आणि तिचं मोल मला फार वाटतं.

बाहेरच्या लोकांना आमच्या विषयाची एक रीत विचित्र वाटते. इतर शास्त्रांत नियतकालिकांना मान असतो, आमच्याकडे परिषदांना. वर्षातल्या ठरावीक तारखा, त्याही पृथ्वीवर कुठेही तो दिवस उरलेला असेपर्यंत चालणाऱ्या. त्या तारखांभोवती सगळ्यांचं आयुष्य फिरतं. लेख पाठवायचा, काही महिन्यांनी तीन-चार अनोळखी परीक्षकांची मतं यायची. एक म्हणतो उत्तम, दुसरा म्हणतो यात नवीन काय. नाकारल्याचं पत्र आलं की काही दिवस हात चालत नाही. यावर २०१४ साली मशीन लर्निंगच्या सर्वांत मोठ्या परिषदेने, तेव्हाच्या निप्सने, स्वतःचीच परीक्षा घेतली. १६६ लेख दोन स्वतंत्र समित्यांकडे पाठवले. सुमारे चौथ्या हिश्श्यावर दोन्ही समित्यांचे निकाल उलटे आले, आणि एका समितीने स्वीकारलेल्या लेखांपैकी निम्म्याहून जास्त दुसरीने नाकारले होते. २०२१ मध्ये प्रयोग पुन्हा झाला, चित्र फारसं बदललं नाही. हा आकडा प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवा, असं मी मनापासून म्हणते. नाकारलेला लेख पुन्हा वाचावा, परीक्षकाचं जे खरं आहे ते घ्यावं, आणि आपली किंमत त्या पत्रावरून ठरवू नये. हे मला कोणी लवकर सांगितलं असतं तर माझे कितीतरी आठवडे हलके गेले असते.

बरोबरीच्यांच्या नोकऱ्या, घरं, बढत्या, आणि "झालं का तुझं?" हा प्रश्न, यांबद्दल पुष्कळांनी लिहिलेलं आहे. ते सगळं खरं आहे. मी त्यात भर घालत नाही.

या विषयात वेग इतका आहे की दोन वर्षांपूर्वीचा लेखही जुना वाटतो, आणि म्हणूनच प्रश्न निवडताना त्याचं आयुष्य बघावं असं मला वाटतं. माहिती कुलूपबंद ठेवूनच तिच्यावर हवी ती आकडेमोड करता येईल का, असा प्रश्न रिव्हेस्ट, ॲडलमन आणि डर्टूझोस यांनी १९७८ साली विचारला होता. त्याचं पहिलं पूर्ण उत्तर २००९ मध्ये क्रेग जेन्ट्री यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रबंधाने दिलं. ते आधी वकिली करत होते. मधल्या एकतीस वर्षांत यंत्रं, भाषा, कंपन्या सगळं बदललं. प्रश्न तसाच उभा होता. असा प्रश्न सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण यंत्र बदलल्यावर आपला प्रश्न उरेल का, एवढं तर प्रत्येकाला तपासता येतं.

माझ्या विषयात हा कस सध्या लागतो आहे. लेख लागू आहे की नाही हे ठरवण्याचं, आम्ही दोघं तासन्‌तास बसून करायचो ते काम, आता भाषा-मॉडेलांकडे सोपवलं जाऊ लागलं आहे. ते स्वस्त आहे, झटपट आहे, आणि पुष्कळदा निर्णय माणसांशी जुळतातही. पण शोधणारंही मॉडेल आणि तपासणारंही मॉडेल, अशी वेळ आली की मला काळजी वाटते. दोघांना एकच गोष्ट दिसत नसेल तर ती न दिसल्याचं सांगणार कोण? आणि एखादी नवी पद्धत तपासणाऱ्या मॉडेलाहून सरस निघाली, तर तिचं सरसपण त्याला चूकच वाटेल. परीक्षकाला न कळलेलं बरोबर उत्तर लिहिणाऱ्या मुलासारखी तिची गत होईल. म्हणून माणसांनी वाचून दिलेले काही निर्णय, थोडे का होईनात, प्रत्येक संग्रहात राखून ठेवलेच पाहिजेत, असं मी ठामपणे म्हणते. शेवटच्या प्रकरणात मी आमचे निर्णय आणि मॉडेलाचे निर्णय शेजारी शेजारी ठेवले आहेत. दोन्ही सर्वांत जास्त फुटतात ते लांब प्रश्नांवर. माझा उरलेला फरक जिथे होता, तिथेच. हे का, याचं उत्तर अर्धं लिहून झालं आहे.

हल्ली कोणी ना कोणी विचारतं, करू का पीएच.डी.? मी आधी सांगते की ज्यांच्या हाताखाली काम करायचं आहे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांशी बोल, गाइड समोर असताना नाही, एकांतात. मग त्या विभागातले दोन-तीन प्रबंध काढ आणि अखेरपर्यंत वाच. निष्कर्षापेक्षा मर्यादांचं प्रकरण नीट वाच, लिहिणारा माणूस तिथे कळतो. आणि असा एक प्रश्न शोध की ज्याचं उत्तर उद्या दुसऱ्याच कोणी काढलं तरी तुला ते वाचायची ओढ लागेल. सापडला तर एका पानावर लिहून काढ. खाली लिही की तुझा अंदाज चुकला तर ते तुला कसं कळेल. ते पान घेऊन गाइडना भेट, अर्जाचं नंतर बघू.